एनसीसी घ्यावी का? कॉलेजात नव्याने येणाऱ्यांचे (आणि त्यांच्या घरच्यांचे) वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तीन वर्षं एनसीसीच्या आर्मी विंगला होते. शेवटच्या वर्षी सीनियर अंडर ऑफिसर, म्हणजे छात्रांतली सगळ्यात वरची रँक. कॉलेज सुटून बरीच वर्षं झाली, तरी दर जुलैत फोन सुरू होतात. कुणाची भाची एफवायला गेलेली असते, कुणाचा मुलगा. प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवते आहे. मी आर्मी विंगचीच माहिती देऊ शकते. नेव्हल आणि एअर विंगबद्दल जिथे लिहिलं आहे, ते शिबिरांत भेटलेल्या त्यांच्या छात्रांकडून कळलेलं आहे.

एनसीसी म्हणजे सैन्यात भरती होणं का? युद्ध झालं तर बोलावतील?

नाही. हा प्रश्न आया विचारतात आणि त्यांचं चुकत नाही. मुलगा खाकी घालून घरी आला की पोटात गोळा येतोच. एनसीसी, म्हणजे राष्ट्रीय छात्रसेना, 1948 च्या कायद्याने उभी राहिली. छात्रावर प्रत्यक्ष सैनिकी सेवेचं कसलंही बंधन नाही, हे त्या कायद्यातच आहे. खातं संरक्षण मंत्रालयाचं, शिकवायला येणारे उस्ताद सैन्यातले हवालदार-सुभेदार. पण छात्र हा विद्यार्थीच.

थोडा इतिहास. इंग्रजांच्या काळात 1920 पासून विद्यापीठांत युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर होती. 1946 मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींवरून 15 जुलै 1948 ला एनसीसी सुरू झाली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग आला. चीनच्या युद्धानंतर 1963 मध्ये कॉलेजांत ती सक्तीची केली गेली आणि 1968 मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. घरात त्या वयाचे आजोबा असतील तर त्यांना सक्तीच्या परेडबद्दल विचारा. परेड चुकवायच्या युक्त्या ते तुमच्यापेक्षा जास्त सांगतील.

मला सैन्यात जायचं नाही. मग तीन वर्षं कशाला घालवू?

आमच्या तुकडीतून वर्दीत गेलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे बँकेत, शाळेत, दवाखान्यात, शेतीत. त्यामुळे "सैन्यात जायचं नसेल तर एनसीसी वाया" हे मला पटत नाही. पण "व्यक्तिमत्त्व घडतं" वगैरे भाषणातलं वाक्यही मी तुम्हाला ऐकवणार नाही. खरी गोष्ट अशी की एनसीसीतला बराचसा वेळ उभं राहण्यात जातो. रांगेत उभं राहायचं, साहेबांची वाट बघत उभं राहायचं, जेवणाच्या ओळीत उभं राहायचं. आणि मधूनमधून कुणीतरी तुमच्यावर दुसऱ्याची जबाबदारी टाकतं: या तीस मुलींची गाडी, यांचे डबे, यांच्यातली एक आजारी, तुमचं तुम्ही बघा. मला उपयोग झाला तो या दुसऱ्या भागाचा. पहिला भाग सहन होत नसेल तर दुसरा वाट्याला येत नाही, एवढं लक्षात घ्या.

निवड कशी होते?

प्रवेश झाल्यावर जुलै-ऑगस्टमध्ये सूचनाफलकावर नोटीस लागते. ती वाचा, कारण मोबाइलवर फिरणारे निरोप निम्मे चुकीचे असतात. जागा ठरलेल्या असतात आणि अर्ज त्याहून कितीतरी जास्त. धावणं, उंची-वजन, थोडे पुश-अप्स, कुठे छोटी लेखी परीक्षा आणि शेवटी चार प्रश्नांची मुलाखत. सोळाशे मीटर न थांबता पळता आलं की निम्मं काम झालं. वेग त्यानंतरचा. मुलाखतीत "देशसेवा करायची आहे" हे शंभर जण म्हणतात. आमचे सर त्यावर एकच विचारायचे, "सकाळी सहाला कशानं येणार?" ज्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर असायचं, त्याचं नाव यादीत लागायचं.

वय 26 च्या आत हवं. शक्यतो पदवीच्या पहिल्याच वर्षी घ्या. प्रशिक्षण तीन वर्षांचं आहे आणि एसवायला सुरुवात केलीत तर शेवटचं वर्ष कॉलेजबाहेर लोंबकळतं.

परेड किती असतात? लेक्चर बुडतात का?

बहुतेक कॉलेजांत आठवड्यातून दोनदा. कुठे शनिवार-रविवार सकाळी, कुठे लेक्चर संपल्यावर. परीक्षेला बसायचं तर 75 टक्के परेड भरलेल्या हव्यात. लेक्चर बुडतात ती शिबिरांमुळे आणि ऑगस्ट-जानेवारीतल्या सरावांमुळे. शिबिराचं पत्र घेऊन प्रत्येक प्राध्यापकाकडे स्वतः जा. "सर देतील हजेरी" म्हणून बसलेल्यांची नावं सत्राच्या शेवटी कमी हजेरीच्या यादीत मी पाहिली आहेत. विज्ञान शाखेवाल्यांनी प्रॅक्टिकलचं आधीच ठरवून घ्यावं, जर्नल मागाहून पुरं होत नाही.

2021 मध्ये यूजीसीने एनसीसीला ऐच्छिक विषय म्हणून क्रेडिट द्यायला मोकळीक दिली. तुमच्या कॉलेजात ते लागू आहे का, हे एएनओंना विचारा. एएनओ म्हणजे तुमच्याच कॉलेजातले प्राध्यापक, कामठीच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत (महिला असतील तर ग्वाल्हेरला) प्रशिक्षण घेऊन आलेले. वर्गात ते "सर", मैदानावर "जय हिंद सर". हा फरक पहिल्या आठवड्यातच अंगात मुरतो.

खर्च किती येतो?

फी नसते. गणवेश पूर्वी युनिटच्या स्टोअरमधून मिळायचा. आमच्या वेळी मापं दोनच होती, ढगळ आणि आखूड. आता गणवेशाचे पैसे छात्राच्या बँक खात्यात थेट जमा होतात, म्हणून खातं आधारला जोडलेलं असू द्या. नाव एका स्पेलिंगनं आधारवर आणि दुसऱ्यानं पासबुकवर असेल तर ते आधी सुधारा. शिवाय शिलाई, चांगले मोजे, पॉलिश, ब्रासो, नेमप्लेट असा किरकोळ खर्च होतो. बुटांत मात्र कंजुषी नको. नवे बूट आठ दिवस घरात, जाड मोजे घालून, संध्याकाळी तासभर वापरा. मी नवे बूट घालून सरळ दहा दिवसांच्या शिबिराला गेले होते. तिसऱ्या दिवशी दोन्ही टाचा सोललेल्या आणि डॉक्टरांच्या तंबूसमोर माझ्यासारख्या अकरा जणींची रांग.

बेरे कॅप डोक्यावर इडलीच्या भांड्यासारखी दिसते. काय करू?

सगळ्यांची तशीच दिसते. कोमट पाण्यात भिजवा, पिळू नका, नुसतं दाबून पाणी काढा. ओलीच डोक्यावर चढवा: पट्टी भुवईच्या दोन बोटं वर, सरळ आडवी; बॅज डाव्या डोळ्याच्या वर; उरलेलं कापड उजव्या कानाकडे ओढून खाली चापायचं. मग ती वाळेपर्यंत तशीच बसून राहा. माझी आई म्हणाली होती, "शेवया वाळत घातल्यात का डोक्यावर?" दोन-तीनदा केलं की आकार बसतो. लाल हॅकल, म्हणजे कॅपवरचा पिसांचा तुरा, ताठ उभं राहिलं पाहिजे. शिबिराला जाताना ते प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा, ट्रंकेत दाबलं गेलं की कोंबडीच्या पिसासारखं होतं.

मुलींनी केसांचा अंबाडा जाळीत घालून मानेच्या वर बांधायचा. काळ्या पिना, काळं रबर. रंगीत क्लिप दिसली की उस्तादांचा पहिला शेरा तुमच्यावर.

आज्ञा हिंदीत का असतात?

कारण पुढे शिबिरात तुमच्या शेजारी तमिळनाडूची मुलगी उभी असेल. सावधान, विश्राम, दाहिने मुड़, तेज़ चल, थम: शब्द पंधरा-वीसच आहेत, महिन्याभरात पाठ होतात. खेड्यातल्या मुलांची खरी अडचण शब्दांची नसते, आवाजाची असते. आज्ञेचे दोन भाग असतात: पहिला लांबवायचा, दुसरा तोडायचा. "पीछेऽऽऽ" म्हणताना पाय तयार होतात आणि "मुड़!"ला वळतात. दोन्ही एका दमात म्हटलं की पलटण अर्धी इकडे, अर्धी तिकडे. आवाज घशातून काढू नका, पोटातून काढा. आम्ही उसाच्या शेताच्या बांधावर उभं राहून सराव करायचो; दोघी समोरासमोर, मध्ये शेतभर अंतर.

आणि "जैसे थे" हा शब्द आवडून घ्या. चुकलं, परत पहिल्या जागेवर, पुन्हा करा. तीन वर्षांत इतक्या वेळा ऐकाल की स्वप्नातही ऐकू येईल.

परेडमध्ये मुलं चक्कर येऊन पडतात म्हणे?

पडतात. तेही 15 ऑगस्टला, पाहुण्यांचं भाषण लांबलं की. कारण बहुतेक वेळा दोनच: उपाशी पोट आणि गुडघे मागे ताणून लॉक केलेले. सावधानमध्ये उभं असताना गुडघे किंचित सैल ठेवा (बाहेरून दिसत नाही), बुटाच्या आत पायाची बोटं हलवत राहा, पोटरीचे स्नायू आवळा-सोडा. रक्त पायात साचत नाही. आदल्या रात्री भरपूर पाणी, सकाळी पोळी नाही तर केळं. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तर लाज न बाळगता खाली बसा. उभ्याने कोसळलेल्याची हनुवटी फुटते. बसलेल्याची फार तर थट्टा होते.

रगडा म्हणजे काय? सीनियर त्रास देतात का?

रगडा म्हणजे शिक्षा: फ्रंट रोल, मुर्गा, रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या. एक चुकला तरी सगळ्यांना. उस्ताद देतात तो रगडा बहुधा मोजून-मापून असतो. शरीराला कुठे थांबवायचं ते त्यांना कळतं. वीस वर्षांच्या सीनियरला ते कळत नाही. म्हणून मी स्पष्ट लिहिते: सीनियरने खोलीत बोलावून केलेला छळ, शिवीगाळ, पैसे मागणं हे रॅगिंगच आहे, त्याला "ट्रेनिंग" म्हणू देऊ नका. एएनओंना सांगा, तिथे ऐकलं नाही तर युनिटच्या कमांडिंग ऑफिसरना. मी स्वतः सीनियर असताना एका मुलीला उशीर झाला म्हणून पंधरा फेऱ्या मारायला लावल्या होत्या. नंतर कळलं की तिची पहाटेची एसटी आलीच नव्हती आणि ती पाच किलोमीटर चालत आली होती. मैदानाला पंधरा फेऱ्या मारण्याआधी. तेव्हापासून मी आधी विचारायचे.

शिबिरात नक्की काय चालतं?

वर्षातून एकदा दहा दिवसांचं सीएटीसी, म्हणजे कम्बाइन्ड अॅन्युअल ट्रेनिंग कॅम्प. पाचशे-सहाशे छात्र, बहुधा एखाद्या कॉलेजच्या किंवा आश्रमशाळेच्या आवारात. वर्गखोलीतले बाक बाहेर, सतरंज्या आत, एका खोलीत पंचवीस-तीस जणी.

पहाटे पाचला शिट्टी. त्याआधी अंघोळ उरकायची असेल तर साडेतीनला उठायचं, कारण नळ सहा आणि मुली तीनशे. (पहिल्या दिवशी सगळ्या अंघोळ करतात. पाचव्या दिवशी पावडर.) पीटी, नाश्ता, मग ड्रिल, शस्त्रांचं प्रशिक्षण, नकाशावाचन, दुपारी व्याख्यान. ते ऐकताना डोळे उघडे ठेवून झोपायची कला इथेच येते. संध्याकाळी खेळ, रोल कॉल, सांस्कृतिक कार्यक्रमाची तालीम, दहाला दिवे बंद. मधल्या रात्री दोन-दोन तास संतरी ड्यूटी: हातात लाठी, टॉर्च आणि बरोबर एक मैत्रीण. डिसेंबरच्या थंडीत पहाटे दोन ते चारची ड्यूटी लागली की मेसमधला लांगरी दया येऊन मगभर चहा द्यायचा. त्या चहाला धुराचा वास असायचा. तसा चहा नंतर कुठे मिळाला नाही.

जेवण पोटभर असतं, चवीची हमी नाही. ताट-मग स्वतःचं, धुवायचंही स्वतः. घरून लोणच्याची बाटली न्या, पण झाकणाला प्लॅस्टिक बांधून; माझ्या बॅगेत सांडली आणि दहा दिवस खाकी शर्टाला कैरीच्या लोणच्याचा वास होता.

मुलगी आहे. घरचे दहा दिवस पाठवत नाहीत.

मुलींची राहण्याची इमारत वेगळी असते, महिला अधिकारी आणि गर्ल कॅडेट इन्स्ट्रक्टर तिथेच मुक्कामाला असतात, रात्री दारावर पहारा असतो आणि शिबिरातून घरी न्यायला सख्खा भाऊ आला तरी लेखी परवानगीशिवाय सोडत नाहीत. हे वडिलांना एएनओ मॅडमच्या तोंडून ऐकवा, तुमच्या नाही. आमच्याकडे मॅडम चार घरी स्वतः गेल्या होत्या. एका घरी चहा घेता घेता आजीने विचारलं, "बंदूक चालवून पोरीचं लग्न व्हायचं का?" मॅडम म्हणाल्या, "माझं झालं की."

पाळीच्या दिवसांत पीटी-ड्रिलमधून सूट मागता येते. मागा. पहिल्या वर्षी मी मागितली नव्हती, लाजेपायी, आणि त्याचा कुणाला काहीही फायदा झाला नाही. पॅड भरपूर न्या, जुने वर्तमानपत्र आणि पिशव्याही.

खरंच गोळी चालवायला मिळते?

मिळते. बहुधा पॉइंट टू टू रायफल, 25 यार्डांवरून, पालथं झोपून. आवाज फटाक्याएवढा, धक्का जवळजवळ नाही. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचा, ट्रिगर ओढायचा नाही, दाबायचा. पाच गोळ्यांचा गट किती जवळ पडला ते मोजतात. मध्यभागी लागलं का हा नंतरचा प्रश्न.

फायरिंगमधली माझ्या लक्षात राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक झाडलेल्या गोळीचं रिकामं खोकं, म्हणजे मागे उरलेली पितळी नळी, मोजून परत द्यावं लागतं. आमच्या बॅचचं एक कमी भरलं. सुभेदार साहेब शांतपणे म्हणाले, "मिलेगा तो जाएँगे." चाळीस जणी भर उन्हात गुडघ्यांवर बसून गवत विंचरत होतो. पाऊण तास. उन्हाने माना भाजलेल्या, जेवणाची शिट्टी होऊन गेलेली. शेवटी खोकं सापडलं माझ्याच शर्टाच्या दुमडलेल्या बाहीत. उडून तिथे जाऊन बसलं होतं. मी ते काढून साहेबांच्या तळहातावर ठेवलं. ते काही बोलले नाहीत. चाळीस जणी बोलल्या.

रँक कशी मिळते?

कॅडेट, लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट, मग अंडर ऑफिसर. सगळ्यात वर सीनियर अंडर ऑफिसर. परेड नियमित, ड्रिल स्वच्छ, आवाज चांगला, शिबिरं झालेली, आणि एएनओंचा विश्वास. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. रँक लागली की काम वाढतं: नाश्त्याच्या समोशांचा हिशोब, हजेरीचं रजिस्टर, कोत (शस्त्रांची खोली) उघडताना सह्या. रुबाब पंधरा मिनिटांचा, रजिस्टर वर्षभराचं.

दिल्लीच्या परेडला जाता येतं का?

आरडीसी, म्हणजे प्रजासत्ताक दिन शिबिर, हे प्रत्येकाचं स्वप्न. महाराष्ट्र संचालनालयाखाली मुंबईचे दोन, आणि पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर असे सात ग्रुप आहेत. (गोव्याचे छात्र कर्नाटक-गोवा संचालनालयात येतात.) आधी बटालियनमधून ग्रुपला, मग ग्रुप-ग्रुपमधली स्पर्धा, मग दिल्लीपूर्वीची शिबिरं. प्रत्येक टप्प्यावर नावं गळतात. जून-जुलैपासून जानेवारीअखेरपर्यंत तुम्ही जवळजवळ घराबाहेरच. दिल्ली छावणीच्या करिअप्पा मैदानावर महिनाभर मुक्काम, कर्तव्यपथावर संचलन आणि शेवटी पंतप्रधानांची रॅली. सर्वोत्तम संचालनालयाला मिळणारा पंतप्रधानांचा ध्वज महाराष्ट्राने अनेकदा आणला आहे, त्यामुळे आपल्याकडे निवड जास्तच घासून होते.

मी ग्रुपच्या स्पर्धेपर्यंत पोचले आणि उंचीने गेले. पाऊण इंच. घरी येताना स्वारगेटला उतरून दोन वडापाव खाल्ले आणि रडले. त्या सत्राच्या एटीकेट्या मात्र वाचल्या. आरडीसीला गेलेल्या मैत्रिणीच्या दोन राहिल्या. जाणार असाल तर अभ्यासाचं हे गणित घरी आधीच मांडा.

आरडीसी सोडून आणखी काय आहे?

खूप आहे, आणि लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. थलसेना शिबिर (नेमबाजी, अडथळे, नकाशावाचन असणाऱ्यांसाठी), राष्ट्रीय एकात्मता शिबिरं, सैन्याच्या तुकडीसोबत राहण्याचं अटॅचमेंट, दार्जिलिंग आणि उत्तरकाशीच्या संस्थांत गिर्यारोहणाचे कोर्स. एअर विंगच्या छात्रांना मायक्रोलाइट विमानात बसायला मिळतं. नेव्हलवाले शिडाची होडी चालवतात आणि झेंड्यांनी निरोप देतात.

ट्रेकमध्ये मी एकच सुचवेन. कोल्हापूर ग्रुपचा शिवाजी ट्रेल ट्रेक, पन्हाळा ते विशाळगड. देशभरातून छात्र येतात. पावनखिंडीच्या आधी चिखलात बूट रुततो तेव्हा ओडिशाचा मुलगा विचारतो, "इथे नक्की काय झालं होतं?" आणि तुम्हाला जाणवतं की बाजीप्रभूंची गोष्ट हिंदीत सांगायचा सराव आपण कधी केलेलाच नाही. मी "घोडखिंड" शब्दावरच अडखळले.

वारी, गणपती यांत बंदोबस्ताला नेतात का?

बऱ्याच ठिकाणी नेतात. पालखी मार्गावर, विसर्जन घाटावर, रक्तदान शिबिरात, मतदान केंद्रांवर वृद्धांना मदतीला. कोविडच्या काळात 2020 मध्ये "एनसीसी योगदान" खाली मोठ्या छात्रांनी रांगा आणि धान्यवाटप सांभाळलं. वारीत तुमचं काम दोरी धरून उभं राहणं एवढंच. वारकरी तुम्हाला "माऊली" म्हणतात आणि दोरीखालून जातात. शिट्टीचा उपयोग होत नाही. हात जोडून "माऊली, तिकडनं" म्हटलं की होतो.

बी आणि सी परीक्षेत काय विचारतात?

बी सर्टिफिकेटची परीक्षा दुसऱ्या वर्षानंतर, सीची तिसऱ्या. बीसाठी एक शिबिर हवं, सीसाठी आणखी एक. बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षेच्या अगदी तोंडावर. लेखी पेपर, आणि प्रात्यक्षिकात ड्रिल, शस्त्र खोलणं-जोडणं, नकाशावाचन, फील्डक्राफ्ट. मुलं नापास होतात ती नकाशात. सहा आकडी ग्रिड रेफरन्स, तीन उत्तर दिशा, बॅक बेअरिंग: हे पाठ करून येत नाही. गावाबाहेरच्या टेकडीवर होकायंत्र घेऊन जा, मोबाइलचा टॉवर आणि देवळाचा कळस यांची बेअरिंग घ्या आणि आपण कुठे उभे आहोत ते कागदावर काढा. दोन रविवार पुरतात.

सी सर्टिफिकेटचा खरा फायदा किती?

इथे अफवा फार आहेत, म्हणून नीट लिहिते.

सैन्यात अधिकारी व्हायचं असेल तर एनसीसी स्पेशल एन्ट्री आहे. सीमध्ये किमान बी ग्रेड आणि पदवीला 50 टक्के असतील तर सीडीएसची, म्हणजे अधिकारी भरतीची, लेखी परीक्षा न देता अर्ज करता येतो. अर्जांच्या छाननीतून सरळ एसएसबीचं, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाचं, बोलावणं. मुलग्यांना आणि मुलींनाही. निवड झाली की चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत. तिसऱ्या वर्षाला असतानाही अर्ज भरता येतो. नौदल, हवाई दलात त्या-त्या विंगच्या सी धारकांसाठी वेगळ्या वाटा आहेत.

निमलष्करी दलांच्या कॉन्स्टेबल जीडी भरतीत सीला 5 टक्के, बीला 3 आणि शाळेतल्या एनसीसीच्या एला 2 टक्के बोनस गुण मिळतात. अग्निवीर आणि पोलीस भरतीची सवलत त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा. अकॅडमीच्या फलकावरचं वाचू नका.

"सी आहे म्हणजे नोकरी पक्की" असं म्हणून फी घेणारा कुणी भेटला तर उठून निघा.

एसएसबीत एनसीसीवाल्यांना झुकतं माप असतं का?

नसतं. उलट तीन वर्षांच्या "जय हिंद सर"मुळे काही छात्र तिथे इतके ताठ वागतात की माणूस दिसतच नाही. पाच दिवसांची निवड. पहिल्याच दिवशी चित्रावरून गोष्ट आणि गटचर्चा, त्यात निम्म्याहून अधिक घरी. मी भोपाळला पाचव्या दिवसापर्यंत गेले. कॉन्फरन्सला, म्हणजे सगळ्या परीक्षकांसमोरच्या शेवटच्या भेटीत, विचारलं, शिबिरात घेतलेला एखादा चुकीचा निर्णय सांगा. मी त्या पंधरा फेऱ्यांची गोष्ट सांगितली. निवड झाली नाही. उत्तर मात्र मी आजही तेच देईन.

एनसीसी की एनएसएस?

एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, 1969 पासून आहे, दोन वर्षांत 240 तास आणि गावातलं सात दिवसांचं शिबिर. लोकांत मिसळून काम करायला आवडत असेल, सकाळी उठणं जमत नसेल, नोकरी करून शिकत असाल तर एनएसएस घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका. दोन्ही एकदम नको.

चष्मा, दाढी, मेंदी, टॅटू?

चष्मा चालतो. दाढी रोज, शीख छात्रांना पगडी-दाढीची मुभा आहेच. मेंदी लग्नसराईत लागतेच, पण मोठ्या परेडच्या आदल्या आठवड्यात नको. टॅटूबद्दल सैन्याचे नियम कडक आहेत, त्या वाटेने जायचं असेल तर गोंदवण्याआधी ते वाचा.

मध्येच सोडता येतं का?

येतं. एएनओंना लेखी द्या आणि सरकारी सामान परत करा. नुसतं यायचं बंद करू नका. तुमची जागा वर्षभर अडून राहते आणि यादीत खाली असलेली एखादी मुलगी वाट बघत बसते.

पहिल्या परेडला काय आणू?

वही, पेन, पाण्याची बाटली, दोन केळी, चार सेफ्टी पिना, दोन पासपोर्ट फोटो, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स. नखं कापलेली. सहाची परेड म्हणजे पावणेसहाला मैदानात. आणि पहाटेची एसटी येणारच नसेल, तर आदल्या दिवशी कुणाला तरी सांगून ठेवा.